पृथ्वीला सावली धरता येईल का?

माझ्या मामांचं गुऱ्हाळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात आहे. गेल्या हंगामात एका संध्याकाळी तिथं जाऊन बसलो होतो. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचं पाणी घालून मळी काढून झाली होती, आणि फेस एकदम काठापर्यंत चढला. गुळव्यानं वाटीतलं तेल बोटांनी शिंपडलं, चार-पाच थेंब असतील. फेस जागच्या जागी बसला. मला ती जादूच वाटली. मामा हसले. म्हणाले, "आरं, त्यालानं फेस बसतोय, जाळ न्हाई कमी हुईत. खाली चिपाड घालायचं थांबीवल्याबिगार आदण गप बसतंय व्हय?"

जगाचं तापमान खाली आणायच्या ज्या अवाढव्य कल्पना हल्ली बातम्यांत येतात, म्हणजे आकाशात गंधकाचे कण सोडा, समुद्रावरचे ढग उजळ करा, अवकाशात आरसे लावा, समुद्रात लोखंड टाका, त्या समजून घ्यायला मला या काहिलीपेक्षा सोपं उदाहरण सापडलेलं नाही. या सगळ्याला मिळून जिओइंजिनिअरिंग म्हणतात, आणि त्यात सरळ दोन जाती आहेत. एक तेल शिंपडणारी: उष्णता अडकवणारा वायू हवेत तसाच राहू द्यायचा आणि सूर्याचं थोडं ऊन परतवून लावायचं. दुसरी चुलवाणात आधीच कोंबलेलं जळण बाहेर ओढणारी: हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून कुठेतरी कायमचा पुरायचा. बातम्यांत दोन्हींची भेळ होते, म्हणून वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आधी हिशेब बघू. पृथ्वीच्या माथ्यावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॉट ऊर्जा येते. दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त सगळं धरून ही सरासरी आहे. त्यातली साधारण ३० टक्के ढग, बर्फ, वाळवंट, हवेतली धूळ यांच्यावर आपटून तशीच परत जाते. उरलेली जमीन आणि समुद्र पितात, आणि ती उष्णतेच्या रूपात पुन्हा वर सोडतात. ही वर जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइड अडवतो. थंडीत अंगावर वाकळ घेतली की वाकळ स्वतः उष्णता तयार करत नाही, आपलीच बाहेर जाऊ देत नाही. तसंच हे. कारखाने येण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत. वाकळ जाड झाली. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या मानाने दीड अंशाहून जास्त गरम गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं.

आता वाकळ काढता येत नसेल तर शेकोटी जरा लांब सरकवायची, हा पहिल्या जातीचा विचार. सूर्य तर सरकवता येत नाही. पण येणाऱ्या उन्हातलं दोन टक्क्यांच्याही आतलं ऊन परत पाठवलं, तर दुप्पट झालेल्या कार्बन डायऑक्साइडची जागतिक सरासरी तापमानवाढ कागदावर फिटते. हे गणित संगणकावर करून बघणाऱ्या पहिल्या काही जणांत हवामानशास्त्रज्ञ गोविंदसामी बाला होते. त्यांनी २००० साली केन काल्डेरा यांच्याबरोबर हे काम प्रसिद्ध केलं, आणि पुढे ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. कोल्हापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन टक्के कमी झालं तर अंगाला कळणारही नाही. भानगड पुढे आहे.

ऊन परतवायला काय वापरायचं? इथे आपल्या जिल्ह्याच्या ओळखीची वस्तू येते, गंधक. साखर कारखान्यात उसाचा रस पांढरा करायला गंधक जाळतात आणि त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू रसातून सोडतात. गळीत हंगामात त्या भागात गेलेल्या माणसाला तो नाकाला झोंबणारा वास सांगायला नको. नेमका हाच वायू १८ ते २० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला, तर त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते ऊन परतवतात. साखर पांढरी करणाऱ्या वायूनंच आभाळही जरा पांढरट करायचं, असं म्हटलं तरी चुकीचं नाही. कारण तो एक खरा परिणाम आहे, निळा रंग थोडा फिका होतो आणि संध्याकाळी क्षितिज जास्त लाल दिसतं.

उंचीचा हट्ट कशासाठी? खालच्या हवेत सोडलेला गंधकवायू आठवडाभरात पावसाबरोबर धुऊन जातो. वरच्या थरात, ज्याला स्थितांबर म्हणतात, तिथे पाऊसच नसतो, त्यामुळे कण वर्ष-दीड वर्ष तरंगत राहतात आणि वाऱ्यावर जगभर पसरतात. प्रवासी विमान १०-१२ किलोमीटरवरून जातं. वीस किलोमीटरवर टनांनी माल चढवणारी विमानं आज तयार नाहीत, पण ती बनवणं विज्ञानाच्या आवाक्याबाहेरचं अजिबात नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आयुष्य घातलेल्या माणसाला हे चटकन पटेल. डिझाइन आणि पैसा दिला की यंत्र बनतं.

हे काम करतं याचा पुरावा निसर्गानेच दिलाय. १५ जून १९९१ ला फिलिपाइन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्यानं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात फेकला. पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं, आणि दोनेक वर्षांत कण खाली बसल्यावर पुन्हा वर गेलं. त्याच्याही आधी १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला होता. १८१६ साली युरोप आणि अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, धान्याचे भाव भडकले. थंडावा फुकट मिळत नाही याचा तो जुना दाखला.

कल्पना नवी नाही. सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ मिखाइल बुदिको यांनी १९७४ मध्येच विमानातून गंधक जाळायचं सुचवलं होतं. पण बरीच वर्षं हा विषय चारचौघांत काढणं शास्त्रज्ञांना प्रशस्त वाटत नसे. काढला तर सरकारं आणि तेल कंपन्या म्हणणार, चला, सुटलो, आता धूर सोडायला मोकळे. २००६ मध्ये पॉल क्रुट्झेन यांनी ती कोंडी फोडली. ओझोनवरच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालेला हा माणूस. त्यांनी लेख लिहून मांडलं की धूर कमी होईल ही आशा फोल ठरत चालली आहे, तेव्हा यावर निदान अभ्यास तरी करा. स्वतः त्यांना हे करावं लागू नये असंच वाटत होतं, आणि तसं त्यांनी लिहिलंही.

एक अंश उतरवून ठेवायचं तर दरवर्षी साधारण कोटीभर टनांच्या आसपास गंधकवायू वर न्यावा लागेल, असे अंदाज आहेत. खर्च वर्षाला काही अब्ज डॉलरपासून पुढे. ऐकायला मोठा आकडा, पण जग ज्या मानाने पैसा खर्च करतं त्यात हा खुर्दा आहे. मधल्या आकाराचा एखादा देशसुद्धा मनात आणलं तर एकट्याने करू शकेल. स्वस्त आहे हाच यातला धोका, असं माझं मत. महाग असतं तर सगळ्यांना एकत्र यावंच लागलं असतं.

आता पावसाकडे येऊ, कारण आपल्याकडे तापमानापेक्षा पावसाचा प्रश्न मोठा आहे. मान्सून उभा राहतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. एप्रिल-मेमध्ये जमीन झपाट्याने तापते, समुद्र सावकाश तापतो, आणि ओली हवा जमिनीकडे ओढली जाते. ऊन कमी केलं तर जमीन आधी निवते, समुद्र मागाहून. फरक घटतो, ओढ घटते. शिवाय आणखी एक बारकावा आहे जो बहुतेक लेखांत सुटतो. पाऊस म्हणजे शेवटी बाष्पीभवन, आणि बाष्पीभवन चालतं ते जमिनीवर आणि पाण्यावर थेट पडणाऱ्या उन्हावर. कार्बन डायऑक्साइड वाढला की हवाच तापते आणि त्यामुळे पाऊस थोडा दबतो. एरवी वाढत्या तापमानाने बाष्पीभवन वाढून तो दबाव झाकला जातो. आता तुम्ही ऊन कमी करून तापमान जुन्या जागी आणलंत, तर झाकणारी गोष्ट गेली आणि दबाव तसाच राहिला. म्हणजे तापमान अगदी शंभर वर्षांपूर्वीचं केलं, तरी पाऊस शंभर वर्षांपूर्वीचा होणार नाही, सरासरीने थोडा कमीच पडणार. पिनातुबोनंतरच्या वर्षात जगभरच्या जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांना येणारं पाणी, दोन्ही ठळकपणे घटले होते.

कण कुठे सोडले यावरही सगळं फिरतं. फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर तो गोलार्ध जास्त थंड होतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. उत्तरेत फुटलेल्या मोठ्या ज्वालामुखींनंतर, १९१२ चा अलास्कातला काटमाई आणि १९८२ चा मेक्सिकोतला एल चिचोन, सहाराच्या दक्षिणेच्या साहेल भागात कडक अवर्षणं पडली होती. दोन्ही गोलार्धांत तोलून सोडले तर हा धोका कमी होतो, असं संगणकी प्रारूपं सांगतात.

पण ही प्रारूपं काम कशी करतात ते पाहा. जगाचे चौकोन पाडतात, आणि बऱ्याच प्रारूपांत एका चौकोनाची बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास असते. आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ अशा एका चौकोनापेक्षाही कमी भरतं. एवढ्याशा जागेत पश्चिमेला गगनबावडा आहे, जिथे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरोळ आहे, तिथे पाचशे-सहाशे मिळाला तरी शेतकरी समाधानी. या दोघांची सरासरी काढून तुम्ही मला सांगणार की पाऊस तीन टक्के घटेल, तर मी त्याचं काय करू? घाटमाथ्यावर घटला तर राधानगरी आणि काळम्मावाडी ही धरणं भरणार नाहीत, शिरोळात घटला तर मळ्यातल्या विहिरी बसतील. दोन्ही वेगळ्या आपत्ती आहेत. प्रारूपं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. ती ज्या बारकाव्यापर्यंत पोचतात, तिथे आपलं शिवार अजून दिसत नाही, एवढंच.

मामांच्या तेलाच्या उदाहरणातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट इथे लागू होते. समजा पन्नास वर्षं आपण गंधक सोडत राहिलो, आणि खाली चिपाडही घालत राहिलो, म्हणजे धूर चालूच ठेवला. मग कुठेतरी युद्ध झालं, किंवा नवं सरकार आलं आणि विमानं बंद पडली. वर्ष-दोन वर्षांत कण खाली बसतील, आणि पन्नास वर्षं दाबून ठेवलेली उष्णता दहा-वीस वर्षांत उसळून वर येईल. झाडं, पिकं, प्राणी यांना सावकाश वाढलेल्या तापमानाशी जमवून घ्यायलाच मुश्किल, हा तर धक्का असेल. गंधकाचे कण दीड वर्षात जातात, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो, ही सारी गोम. एकदा सुरू केलं की पिढ्यान्‌पिढ्या थांबायचं नाही.

बाकीचे तोटे थोडक्यात. हे कण ओझोनचा थर भरून यायला उशीर करतात. समुद्र कार्बन डायऑक्साइड पिऊन आम्लधर्मी होत चाललाय, त्यावर सावलीचा काहीही उपयोग नाही. मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांना पाणी थंड मिळेल, पण आंबटपणा तोच राहील.

ऊन परतवायच्या इतर युक्त्याही आहेत. त्यात ढग उजळ करण्याची कल्पना गंभीर आहे. १९९० मध्ये जॉन लेथम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती मांडली. समुद्रावरच्या खालच्या ढगांत मिठाच्या पाण्याचा अतिबारीक फवारा सोडायचा. मिठाच्या कणांभोवती थेंब लहान आणि संख्येने जास्त होतात, आणि असा ढग जास्त पांढरा दिसतो. जहाजांच्या धुरामुळे समुद्रावरच्या ढगांत पांढरे पट्टे उमटतात, ते उपग्रहातून स्पष्ट दिसतात, म्हणजे तत्त्व खरं आहे. यात एक विचित्र गोष्ट घडली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं गेलं. लोकांच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच होतं. पण त्याबरोबर ते पट्टेही कमी झाले आणि समुद्रावर थोडं जास्त ऊन पोचू लागलं. थोडक्यात, सावली धरायचा उद्योग माणूस कधीपासूनच करतोय, फक्त न कळत. कोळशाच्या धुरातलं गंधक आजही काही प्रमाणात तापमानवाढ झाकून ठेवतं, आणि त्या धुरात भारताचा वाटा मोठा आहे. हवा स्वच्छ केली की ते झाकण उघडणार.

अवकाशातले आरसे मात्र मला कथा-कादंबऱ्यांतच शोभतात. रॉजर एंजेल या खगोलशास्त्रज्ञाने २००६ मध्ये हिशेब केला होता. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या त्या बिंदूजवळ, जिथे सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य-एल१ यान आता उभं आहे, पातळ चकत्यांचा ढग ठेवायचा. एकूण वजन सुमारे दोन कोटी टन. आपलं सगळ्यात ताकदवान एलव्हीएम-३ रॉकेट पृथ्वीजवळच्या कक्षेत आठेक टन नेतं. म्हणजे तिथपर्यंतच पंचवीस लाख उड्डाणं. सोडून देऊ. गच्चीला चुना मारणं मात्र जरूर करा. त्यानं जग थंड होणार नाही, पण तुमची वरची खोली होईल.

एक खुलासा इथेच करतो, कारण व्हॉट्सॲपवर तो दर दोन महिन्यांनी करावा लागतो. आकाशात विमानामागे दिसणारी पांढरी रेघ म्हणजे गुपचूप रसायन फवारणी नव्हे. इंजिनातून निघालेल्या वाफेचे गारठून झालेले बर्फकण आहेत ते. आणि सोलापूरला २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेला कृत्रिम पावसाचा प्रयोग हीसुद्धा वेगळी गोष्ट. तिथे असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस काढायचा प्रयत्न होता, एका भागापुरता, काही तासांपुरता. कृत्रिम पावसाने २०१९ चा आपला महापूर आणला म्हणणाऱ्यांनी इतकंच लक्षात घ्यावं की ढग नसेल तर त्यातून काहीही काढता येत नाही, आणि त्या ऑगस्टात घाटमाथ्यावर ढगांची काही वाण नव्हती.

आता दुसरी जात, जळण बाहेर ओढणारी. ही मला मनापासून जास्त आवडते, आणि हिचे आकडे पाहिले की तितकाच हिरमोड होतो. आइसलँडमध्ये हवा ओढून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारा मॅमथ नावाचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची आखलेली क्षमता वर्षाला ३६,००० टन. जग इंधन जाळून वर्षाला साधारण ३,७०० कोटी टन सोडतं. भागाकार करून बघा. कारखान्याने वर्षभर राबून जे काढायचं, ते आपण सगळे मिळून अर्ध्या मिनिटात पुन्हा भरतो.

समुद्रात लोखंड टाकायचा प्रयोग तर आपल्या शास्त्रज्ञांनीच केलाय. २००९ च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी पोलारस्टर्न जहाजातून दक्षिण महासागरात लोखंडाचं क्षार टाकलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स, त्यातला 'लोहा' आपलाच. विचार असा की तिथल्या पाण्यात इतर पोषण भरपूर, फक्त लोखंडाची टंचाई. ते दिलं की शेवाळ फोफावेल, हवेतला कार्बन पिईल, मरून तळाशी जाईल. शेवाळ वाढलंही. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे कडक कवचाचं शेवाळ वाढलंच नाही. जे मऊ वाढलं ते कोळंबीच्या जातीच्या बारक्या जीवांनी चरून टाकलं. तळाशी गेलं ते नगण्य. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. युरिया टाकला म्हणजे उसच वाढतो असं थोडंच आहे, तणही वाढतं आणि किडेही येतात.

सगळ्यात रस वाटण्यासारखी कल्पना मात्र आपल्या पायाखाली आहे. कोल्हापूर ज्या काळ्या दगडावर उभं आहे तो बसाल्ट, दख्खनच्या लाव्ह्यातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आलेला. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याचा जांभ्याखालचा भाग, खाणीतला दगड, सगळं तेच. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बसाल्ट हळूहळू झिजवतो, आणि त्या क्रियेत तो वायू कायमचा क्षारात बांधला जातो. निसर्ग हे लाखो वर्षं करतोच. दगडाची बारीक पूड करून ओल्या शेतात पसरली तर ते वर्षा-दशकांत होतं. खडी क्रशरवर ज्याला डस्ट म्हणतात तीच ही पूड, फक्त आणखी बारीक. भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात हेच करणाऱ्या मती कार्बन संस्थेला २०२५ मध्ये कार्बन काढण्याच्या स्पर्धेतलं पाच कोटी डॉलरचं एक्सप्राइज मिळालं.

पण हिशेब इथेही चुकत नाही. सगळं नीट जुळलं तरी एक टन कार्बन डायऑक्साइड बांधायला तीन-एक टन बसाल्ट लागतो. सरासरी भारतीय वर्षाला साधारण दोन टन सोडतो. चार माणसांच्या घराचे आठ टन, म्हणजे चोवीस टन पूड, दीड डंपर. दरवर्षी, दर घरामागे. दळायची वीज आणि डंपरचं डिझेल वेगळं. आणि जमीनही बघावी लागते. राधानगरी-गगनबावड्याकडच्या आम्लधर्मी, भरपूर पावसाच्या तांबड्या मातीत हे झपाट्याने चालतं. शिरोळच्या आधीच क्षारपड झालेल्या काळ्या रानात ते टाकून फारसं काही साधणार नाही. वायू थेट खोल बसाल्टात सोडायचा दुसरा मार्गही आहे. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रयोगात पाण्याबरोबर सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांत दगड झाला. आपल्याकडे हे करायला निघालं, तर ज्यांच्या घरात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी अजून निघतात, ते जमिनीत पाणी कोंबण्याबद्दल आधी चार प्रश्न विचारतील, आणि विचारावेतच.

मग हे करायचं की नाही, हे ठरवणार कोण? आतापर्यंत ज्यांनी प्रयत्न केले त्यांची गाडी इथेच अडली. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनातून एक फुगा सोडायचा होता, तोही फक्त उपकरणं तपासायला. तिथल्या सामी आदिवासींनी विरोध केला, प्रयोग रद्द झाला, आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात मिठाचा फवारा सोडायचा प्रयोग नगर परिषदेने बंद पाडला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडचा साधा अभ्यासगट नेमायचा ठरावसुद्धा एकमत न झाल्याने मागे घ्यावा लागला. दुसऱ्या बाजूला एका अमेरिकी स्टार्टअपने २०२२ मध्ये मेक्सिकोत कुणाला न विचारता गंधकवायूचे दोन फुगे सोडून दिले होते. मेक्सिकोला ते कळल्यावर बंदी घालायची घोषणा करावी लागली.

आपल्याला यात परकं काही नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, त्यात कुणाचा हात नाही, म्हणून त्यावरून भांडण नाही. अलमट्टीचं तसं नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कर्नाटकात अलमट्टीला अडते. त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटर ठेवायची की ५२४.२५६ पर्यंत न्यायची, पावसाळ्यात विसर्ग किती आणि कधी करायचा, यावर दर पुरात दोन राज्यांत जुंपते. एक देश, एक नदी, क्युसेकमध्ये मोजलेलं पाणी, फुटांत मोजलेली राजाराम बंधाऱ्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये ती धोक्याच्या ४३ फुटांवरून ५५ च्या पुढे गेली. तरी पूर अलमट्टीच्या फुगीमुळे, म्हणजे धरणात अडलेलं पाणी मागं चढल्यामुळे आला की मुळात पावसानेच, यावर समितीचं म्हणणं एक आणि नदीकाठच्या माणसाची खात्री दुसरी. आता नदीच्या जागी आभाळ ठेवा, आणि दोन राज्यांच्या जागी दोनशे देश.

हे सगळं मी त्या संध्याकाळी मामांना सांगत होतो. त्यांचा नदीकाठचा ऊस २०१९ ला कितीतरी दिवस पाण्याखाली होता, तलाठ्याबरोबर चिखलातून फिरून त्यांनी पंचनामा करून घेतला होता. त्यांनी गंधकाबद्दल काही विचारलं नाही, विमानाबद्दलही नाही. थोडा वेळ काहिलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग त्येनी तिकडं वर काय सोडलं, आन् हिकडं आमचा मिरगाचा पाऊस गेला, तर त्यो त्यांच्यामुळं गेला का आपसूक गेला, ह्येचा पंचनामा कोण करनार?"

मी म्हटलं, "मामा, तसा पंचनामा करणारं अजून जगात कुणी नाही."

"मंग ऱ्हाऊ दे तकडं," म्हणाले, आणि चुलवाणापाशी बसलेल्या पोराला त्यांनी जळण मागं ओढायला सांगितलं. आदण उतरायला आलं होतं.